उचकी

मकरपुऱ्यात, जशुभाई पांचाळच्या शेडमध्ये
गाडीचं पोट उघडं.
ट्रेमध्ये तेल, करपलेल्या फोडणीच्या रंगाचं,
चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा बुक्का.
"बावीस वर्षांत कोणी बदललंच नाही, बेन?"

बाबांनी ऑटोमॅटिक घेतली ती हौसेनं नाही.
पोलिओचा डावा पाय क्लचला पुरत नव्हता.
दांडिया बाजारात लोक म्हणाले, घारपुरे शेट झाले.
बाबांनी होऊ दिलं.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तिला उचकी लागायची,
नेमकी काळ्या घोड्याच्या सर्कलला.
बाबा डॅशबोर्डवर थोपटत:
"कोण गं आठवण काढतंय तुझी?"

जशुभाईनं नव्या क्लच प्लेटी घातल्या,
व्हॉल्व्ह बॉडीत कडक स्प्रिंगा,
पुढे जाळीमागे वेगळा ऑइल कूलर.
हात पुसत म्हणाला, "माखण जेवी चालशे."

चालते.
काळा घोडा येतो, मागे पडतो,
गिअर कधी पडला
ते फक्त काट्याला कळतं.

मागे आई
पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसलेली,
दात आवळून,
सुरसागर आला तरी.