ग्रँड

शब्दकोशात तो राजवाड्यांसाठी राखून ठेवलेला.
इथं लीट्रिममध्ये मात्र
चहात दूध चालेल? ग्रँड.
गायीनं लाथेसरशी बादली लवंडली,
फिन्टन ओल्या बुटांकडे बघत म्हणाला, ग्रँड,
मांजरांची तरी सोय झाली.

डिम्फ्नाला ऑपरेशननंतर नर्सनं विचारलं,
दुखतंय का फार?
ग्रँड गं, म्हणाली ती,
पलंगाची कड
बोटं पांढरी होईतो धरून.

परवा तिच्यावर माती लोटून झाल्यावर
फिन्टननं फावडं भिंतीला टेकवलं.
कसा आहेस, मी विचारलं.
विचारायचं म्हणून.
त्यानं तोंड उघडलं,
तसंच राहिलं.
मग घड्याळाकडे बघून पुटपुटला,
दूध काढायची वेळ झाली.

ग्रँड, मीच म्हणालो,
आणि त्याचं फावडं उचललं.