एकलकोंडी गोळी

जिम्मामध्ये पहाट आधी नाकाला कळते.
कोळशावर बुना भाजतो, कॉफीला आम्ही बुना म्हणतो,
कोंबडा त्यानंतर.
रात्रपाळी संपवून मी औषधांच्या ट्रॉलीला कुलूप लावते
तेव्हा सगळं गाव दरवळत असतं,
माझ्या बोटांना तेवढा स्पिरिटचा वास.

शिकत होते तेव्हा सिस्टर अस्नाकेच म्हणायच्या,
औषधांनाही स्वभाव असतो, हावी,
घोकू नकोस, ओळख करून घे.
ओमेप्रॅझोलनं पोटातली चूल पेटायच्या आत पोचायचं,
जेवणाआधी अर्धा तास.
सुक्राल्फेट व्रणावर लिंपण घालतं,
पण वाटेत भेटेल त्या गोळीलाही चिकटून बसतं.
लॅक्टुलोजच्या मागे लागू नये,
ते आपल्या सवडीनं दोन दिवसांनी काम करतं.
प्रेडनिसोलोन पाहुणं म्हणून येतं आणि घरमालक होतं;
त्याला एका रात्रीत हाकलायचं नाही,
एकेक पायरी उतरवत दारापर्यंत न्यायचं.
आणि इन्सुलिनपुढे युनिट हा शब्द पूर्ण लिही.
नुसता यू लिहिलास तर घाईत त्याचा शून्य होतो,
चारचे चाळीस होतात,
आणि माणूस सकाळी उठत नाही.

हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघायच्या.
तिथे कुणाचं नाव होतं, मी कधी विचारलं नाही.

झेबिबा अबा मेचा यायच्या भर उन्हात दोन शाली पांघरून.
गळ्याला जुनी गाठ, आवाज घोगरा,
पापण्या रात्रभर रडल्यासारख्या. रडलेल्या नसायच्या.
थायरॉक्सिन पन्नास मायक्रोग्रॅम. मग पंचाहत्तर. मग शंभर.
रक्तातला आकडा ढिम्म.
डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं: गोळ्या घेत नाही.
त्यांना वाचता येत नव्हतं.
मला येत होतं, म्हणून राग मला आला;
डॉक्टरांचा की त्यांचा, ते काही ठरेना.

मी रिकाम्या पट्ट्या मोजल्या. एक गोळी चुकलेली नव्हती.
"उपाशीपोटी?"
"उपाशीपोटी."
"कशाबरोबर?"
त्या हसल्या,
श्वास कशानं घेता, असं विचारल्यासारख्या.
"बुनाबरोबर. पहिल्या वाफेला.
बुना म्हणजे काय खाणं झालं, मुली?"

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून परस्पर त्यांच्या घरी गेले.
जमिनीवर ताजं गवत पसरलेलं.
सिन्बो आणि लोमी, बकरीवरून बोलणं बंद असलेल्या,
एकाच चटईच्या दोन टोकांना.
पहिला पेला, दुसरा, तिसरा;
तिसऱ्याला लोमीनं साखर पुढे सरकवली, न बघता.
"तासभर थांबायचं म्हणतेस," झेबिबा म्हणाल्या,
"मी थांबले तर ह्याही थांबतील.
माझ्या तोंडाकडे बघत बसतील. बरं दिसेल का ते?"

पुस्तकात ह्याचं उत्तर नव्हतं.
होतं म्हणजे, एका ओळीत, तळटीपेत:
झोपतानाही देता येते, जेवणानंतर तीन तासांनी.
डॉक्टरांची सही घेतली. मग त्यांना सांगितलं,
रात्री घ्या. दिवा मालवायच्या आधी.
"कुणाबरोबर?"
"पाण्याबरोबर. हिला दुसरी सोबत सोसत नाही.
दूध नको, रक्तवाढीची गोळी नको,
छातीत जळजळतं म्हणून चघळता, तीही नको.
सगळ्यांपासून चार हात लांब."
त्यांनी ती पांढरी टिकली तळहातावर घेतली,
उलटी केली, सुलटी केली.
"बिचारी," म्हणाल्या.

फाइलवरची ओळ मी खोडली नाही, खाडाखोड चालत नाही.
खाली तारीख घालून लिहिलं:
गोळ्या घेतात. आता रात्री घेतील.

सहा आठवड्यांनी रक्त काढलं. रिपोर्ट यायचाय.
आज एकच शाल होती अंगावर.
दुसरी कुठेय, विचारलं,
तर बराच वेळ आठवत राहिल्या.