ओली लाकडं, कोरडे प्रश्न

चिलोएच्या त्या बेटावर शाळा म्हणजे
एक वर्ग, एक शेगडी, एकोणीस मुलं
आणि शेगडीभोवती वाळत घातलेले अडतीस लोकरी मोजे.
मी तिथली एकटी बाई.
पुस्तकं नव्हती असं नाही.
स्वयंपाकीण एदुविनानं ती पिठाच्या फडताळात ठेवली होती,
सगळ्या बेटावर कोरडी जागा तेवढी एकच.
त्यामुळे आमचं कुठलंही पुस्तक उघडा,
मांडीवर चिमूटभर पीठ सांडायचंच.

आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीला माझा एक कागद:
मुख्य पात्र कोण? ते कुठे राहते?
या गोष्टीवरून आपण काय शिकलो?
मुलं हुशार.
पहिलं पान वाचायची, शेवटचं वाचायची,
मधली गोष्ट तशीच राहायची झाकून,
कुणी न उष्टावलेल्या ताटासारखी.
शेवटी लिहायची, 'प्रामाणिकपणा'.
खलाशाच्या गोष्टीला प्रामाणिकपणा,
अस्वलाच्या गोष्टीला प्रामाणिकपणा.
निल्दा ग्विनेओनं तर एकदा
भागाकाराच्या उत्तरातही लिहिला होता.

मग जुलैत वादळ ठाण मांडून बसलं.
अकरा दिवस बोट नाही.
डाक नाही, खडू नाही, वरून आलेली परिपत्रकं नाहीत.
लाकडं इतकी ओली की काडी लावली
की फिस्कारायची, म्हाताऱ्या मांजरीगत.
बाराव्या काडीला मी माझं कपाट उघडलं.
प्रश्नांचे गठ्ठे. छापील. कोरडे ठणठणीत.
'मुख्य पात्र कोण' भडकन पेटलं.
'काय शिकलो'ला जरा वेळ लागला,
पण ऊब त्याचीच जास्त टिकली.

एकोणीस जणांनी ते जळताना पाहिलं.
कुणी काही बोललं नाही.
एकेक जण उठला, फडताळाकडे गेला,
आणि आत ज्या आवाजात पिठाचे डबे सरकले
तो आवाज उंदरांचा असता तर एदुविनानं झाडू घेतला असता.

मी वह्या तपासत होते.
बटाट्याच्या रश्शाचा वास आला, मग गेला.
छपराचा आवाज तेवढा होता,
आणि पान उलटल्याचा,
आणि कुणाचं तरी नाक ओढणं.
घड्याळाकडे पाहिलं तर जेवणाची घंटा होऊन
पंचवीस मिनिटं व्हायला हवी होती.
घंटेची पाळी होती एलिसेओ चिग्वायची.
एलिसेओ, जो तीन वर्षांत एकही पुस्तक
घरी न नेता शिकला,
बाकाखाली पालथा पडला होता,
एक मोजा पायात, एक हातात.

एदुविना पळी घेऊन तणतणत आली,
'रस्सा गोठला, घंटा मेली का?'
आणि तिथेच थबकली.
मग निल्दाच्या खांद्यावरून वाकून
म्हणाली, 'थांब गं, उलटू नको.
माझं अजून व्हायचंय.'

माझ्या जिभेवर प्रश्न आला होता, सवयीचा.
एलिसेओपाशी जाऊन मी तो दातांमागे धरला,
गरम बटाटा धरावा तसा.
त्यानंच मान वर केली. गालाला पीठ.
'बाई, इथं एक वाळवंट आहे.
चौदा वर्षं पाऊस नाही तिथं.
लोक मोजे कशाला वाळवत असतील?'
मला उत्तर येत नव्हतं. तसं सांगितलं.
तो परत आत गेला, वाळवंटात,
जाता जाता एवढंच विचारून:
'उद्या पण प्रश्न जाळणार ना?'

मी कपाटात पाहिलं.
सात गठ्ठे.
काटकसरीनं वापरले तर
ऑगस्ट निघेल.