उलटा लिलाव

जिंतूर रोडला माझं दुकान.
पाटीवर अजून झेरॉक्स, लॅमिनेशन,
पण पोट भरतं टेंडरवर.
ड्रॉवरमध्ये तेवीस डोंगल,
प्रत्येकाला चिकटपट्टी, पट्टीवर आडनाव,
पिन माझ्या डोक्यात.
तेवीस माणसांच्या सह्या शेजारी शेजारी झोपतात
आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

त्या मंगळवारी दवाखान्याच्या चादरी होत्या.
रोज चारशे, वरून पडदे,
ऑपरेशनचे हिरवे कपडे वेगळे धुवायचे.
लिलाव उलटा : जो खाली उतरेल, काम त्याचं.
शेवटच्या दहा मिनिटांत कुणी दर पाडला
की घड्याळ परत दहा मिनिटं पुढं.

एक नंबरला गयाबाई सोनटक्के,
मांडीवर पिशवी, पिशवीत जुन्या बिलांची चळत.
दोन नंबरला मुनीर बागवान,
चप्पल बाहेर काढून बसलेले, मशिदीत बसावं तसे.
मध्ये प्लायवूड.
पडद्यावर नाव नसतं कुणाचं,
नुसतं बोलीदार क, बोलीदार फ.

नऊ चाळीस टाक, गयाबाई म्हणाल्या.
टाकले.
पलीकडं गेलो. नऊ दहा टाक, मुनीरभाई म्हणाले.
टाकले.
या खुर्चीवरून त्या खुर्चीवर,
दोन्हीकडं माझीच बोटं,
माझाच उजवा हात माझ्याच उजव्या हाताला
पाच-पाच पैशांनी खाली ओढत होता.

'पुण्याचा दिसतोय कुणीतरी,' मुनीरभाई पुटपुटले.
'पुण्यावालेच असतेत असले,' प्लायवूडच्या अलीकडून गयाबाई,
स्वतःशीच.

सात वीसला त्यांनी बोटांवर मोजलं.
सोडा. ब्लीच. टँकर. बायांची हजेरी.
बोटं शिल्लक होती, पैसे संपले होते.
'काहून थांबलास? सात टाक.'

मी बोलू शकत नव्हतो.
तसा नियम कुठं लिहिलेला नाही,
पण लोक सही माझ्याकडं ठेवून घरी जातात
ती काही उगाच नाही.

सहा नव्वदला चहाचं पोरगं आलं,
हातात जाळी, जाळीत चार ग्लास.
'दोन्ही चादरीवाल्यांना देऊ का, भैय्या?'

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
मग प्लायवूडवर आधी टोपी दिसली,
मग टोपीखालचे मुनीरभाई,
इकडून गयाबाई उभ्या राहिल्या, पदर सावरत.
कुणी काही बोललं नाही.
घड्याळ चालत होतं, त्याच्याकडं कुणी बघेना.
तीन वाजून एकोणपन्नास. हिरवी पट्टी :
बोलीदार फ, अभिनंदन.

मुनीरभाईंनी तोटा जिंकला होता.

संध्याकाळी शटर ओढताना गयाबाई परत आल्या.
मला वाटलं, डोंगल मागतील, शिव्या देतील.
'त्याच्याकडं मशीन हाय. वाळवतो कुठं?'
नानलपेठेतल्या बोळात वाळवणार कुठं?
गंगाखेड रोडला गयाबाईंचं मोकळं रान,
अठ्ठावीस तारा, बाभळीच्या खुंटांना ताणलेल्या.

तेव्हापासून धुणं तिथं, वाळणं इथं,
मधली फेरी ज्ञानोबा कच्छवेंच्या टेम्पोची.
सुरुवातीला तोटाच वाटून घेतला तिघांनी,
मग हळूहळू वाटायला दुसरं काही निघालं.
याला साटंलोटं म्हणायचं का,
मी खरंच विचारलं स्वतःला, दोनदा.
नियमपुस्तिकेत त्याला कलम आहे,
सोबतीला नाही.

यंदा तिघांनी मिळून एकच फॉर्म भरला.
संयुक्त निविदा, पान सव्वीस, साधनसामग्री.
मशीन : एक. वाहन : एक. उलाढाल : लिहिली.
गयाबाई म्हणाल्या, 'माझं काय लिवलंस?'
रकाना नव्हता.
'इतर' मध्ये मी टाईप केलं : ऊन.
साईटनं नाकारलं नाही. म्हणाली,
पुरावा जोडा, दोन एमबीच्या आत.

दुपारी दीडला रानात जाऊन फोटो काढला.
चारशे चादरी, वरती आपल्या परभणीचा एप्रिल.
फोटोत काहीच आलं नाही,
सगळं पांढरं.
एक पूर्णांक नऊ एमबी.
जोडला.