अर्ध्या तासाचं पाणी

नाइट ड्यूटी सुटली की मी गाडी सोडून देते,
फलजच्या काठाने चालत खोलीवर येते.
काठ म्हणजे वीतभर सिमेंट.
डावीकडे पाणी, उजवीकडे पुरुषभर खोल
लसूणघासाचे वाफे, खजुरांचे शेंडे.
जानेवारी. नाकाचा शेंडा बधिर,
आणि पाण्यावर मात्र वाफ,
डोंगराच्या पोटातून येतं ते, हिवाळ्यात कोमट.

आमच्याकडे ह्याला पाट म्हणतात,
सहा नंबरच्या बेडला सांगितलं होतं मी
सलाईन लावताना, मोडक्या अरबीत.
खल्फान बिन नासिर हसले.
"मग त्यात तुझं पाणी किती?"
माझं?
लग्नाच्या वर्षीच सही केलीय मी हक्कसोडावर,
भावाने पेन सुद्धा स्वतःचं दिलं होतं.
"माझा एक अथर," ते म्हणाले, "अर्धा तास.
शुक्रवारी, सावली तिसऱ्या दगडाला टेकली की."
आणि खिडकीकडे बघत राहिले,
तिथून दिसतो फक्त पार्किंगचा पत्रा.

आज शुक्रवार.
वळणावर मोफिझुल, नोआखालीचा,
चिंध्यांचा बोळा उपसून दार मोकळं करतोय.
"सिस्टर, जरा थांबाल? बाबांचं पाणी आहे.
खाली बांध फुटलाय, बघून येतो.
सावली चौथ्यावर आली की बोळा कोंबा."

फाइलवर मीच लिहिलं होतं, चार वाजून दहा.
मुलाला फोन गेला. शेतात कोण सांगणार.

चपला काढून पाय सोडून बसले.
बोटाएवढे मासे टाचेची भेग कुरतडत होते.
पाणी खाली उतरलं, लिंबांपाशी घुटमळलं,
मग सरळ आत,
मालकाला विचारल्यासारखं काही केलं नाही त्याने.
आणि मी, जिच्या नावावर थेंब नाही,
ओल्या चिंध्या मांडीवर घेऊन
दगडावरची सावली राखत होते.
एकदा वाटलं, हाक मारावी.
मोफिझुल खाली वाकून चिखल थापत होता,
काहीतरी गुणगुणत.
असू दे. अजून बोटभर ऊन होतं.

चौथा दगड.
बोळा दाबला, पाणी बाहीत शिरलं कोपरापर्यंत.
तो वर आला, हात धुतले, म्हणाला,
"सगळं भिजलं. बाबांना सांगा हं."

तेव्हा सांगितलं.