जोडणी

लोकांच्या फोनमध्ये माझं नाव ‘केबल’ आहे.
काहींच्या फोनमध्ये ‘केबल नवीन’.
जुना नंबर बंद होऊन अकरा वर्षं झाली,
तरी मी नवीनच.

कोपरखैरणे, सेक्टर पाच ते आठ,
माथाडींची बैठी घरं, त्यांच्या डोक्यावर चढलेले मजले,
आणि गच्चीवरून गच्चीवर मी टाकलेली काळी वायर.
एके काळी पाचशे चाळीस घरं.
सात तारखेला पावतीबुक घेऊन निघालो की
दहा तारखेला खिसा जड, पोट चहाने तट्ट.
आता एकशे सोळा.
त्यातल्या नऊ घरांत टीव्ही लागतच नाही,
‘बंद कर’ म्हणायला त्यांना भीड पडते एवढंच.

काल आमच्याच घरात बैठक बसली.
प्रणिता म्हणाली, पप्पा, वायफाय घेऊ,
वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फुकट,
सगळं येतं त्यात, हवं तेव्हा.

‘हवं तेव्हा’ हा शब्द माझ्या धंद्यात नव्हता.
आमच्याकडे नऊ म्हणजे नऊ;
नऊ वाजून दोन मिनिटांनी लाइन गेली
तर अख्खा सेक्टर माझ्या आईची आठवण काढायचा.

कुंदाला तिची मालिका हवी,
आणि जाहिरातीसुद्धा हव्यात.
जाहिरातीत भाजी फोडणीला पडते.
न थांबणारी मालिका काय कामाची, म्हणते.

अण्णा बराच वेळ गप्प.
चाळीस वर्षं कांदा-बटाट्याची गोणी वाहिलेला माणूस
हिशेबसुद्धा आधी पाठीवर घेऊन बघतो.
मग म्हणाले, ती फुकटची छत्री बसव.
सातच्या बातम्या येतात ना तिच्यावर?
महिन्याला एकशे त्रेपन्न कशाचे,
नुसतं दार उघडायचे?
आणि आत गेल्यावर प्रत्येक खोलीचं भाडं पुन्हा वेगळं!

गिऱ्हाईक असं बोललं असतं तर भांडलो असतो.
पण या घराची पावती मी कधी फाडली नाही,
पैसे वर भरतो ते माझ्या खिशातून,
आणि अण्णांना ते पहिल्यापासून ठाऊक आहे.

म्हणून आज सकाळी छत्री घेऊन गच्चीवर गेलो.
तोंड आग्नेयेला, मान थोडी वर.
मध्ये तो नवा टॉवर आला.
छत्री हातभर सरकवली.
खालून प्रणिता ओरडते, आलं… गेलं… आलं, आलं!
माझ्याच घरावर, माझ्याच हाताने.
पलीकडून मढव्यांचा पोरगा बघत होता.
त्याने फोटो काढला. बोलला काही नाही.

मग म्हटलं, वर आलोच आहे
तर फडतऱ्यांकडची वायर गुंडाळून घेऊ.
त्यांनी मार्चमध्येच सोडलं कनेक्शन,
मुलाने पुण्याहून एक काडी पाठवली,
टीव्हीच्या मागे खोचायची.
मी पक्कड लावली
आणि फडतरे काकू जिन्यातून धावत वर,
अहो केबल, अहो केबल, कापू नका!

मला वाटलं.
क्षणभर खरंच वाटलं.

काकू धापा टाकत म्हणाल्या,
त्यावर आमचे कपडे वाळतात.

तेव्हा कुठे नीट पाहिलं.
टाकीपासून कठड्यापर्यंत माझी वायर,
तिच्यावर शाळेचा एक शर्ट, दोन टॉवेल,
फडतऱ्यांची लुंगी, चिमट्यात अडकलेला एकच मोजा.
सिग्नल शून्य, ताण उत्तम.

पक्कड खिशात टाकली.
एका बाजूने सैल झाली होती, ओढून आवळली,
टोकाला नवी क्लिप मारली.
किती द्यायचे, काकूंनी विचारलं,
आणि बावीस वर्षांच्या सवयीने
माझा हात पावतीबुकाकडे गेला.

रात्री आमच्याकडे असं ठरलंय:
सातला अण्णांची छत्री, नऊला कुंदाचा बॉक्स,
प्रणिता आतल्या खोलीत, माझ्याच हॉटस्पॉटवर.
पावणेनऊला टीव्हीच्या मागे हात घालून
पिन बदलायचं काम माझ्याकडे.
बिनपावतीचं.