उजवं चाक

आधी मी माझ्यावरच संशय घेतला.
बासष्ट वर्षांचा उजवा खांदा, मार्चपासून धरलेला,
शर्टाच्या बाहीत हात घालायलाही कुंदा लागते.
तेव्हा स्टीअरिंग जड लागतंय म्हणजे
मीच जड झालो असणार, असं धरून चाललो.

मग एका रविवारी कुंदाला बसवलं चाकामागे.
नेहरू पार्कच्या वळणावर तिनं दोन्ही हातांनी,
खालचा ओठ दाताखाली धरून
गाडी वळवली कशीबशी,
आणि म्हणाली, "खांद्याचा डॉक्टर राहू द्या.
हिचा बदला."

ही एकोणचाळीस सालची फोर्ड.
महूच्या भंगारातून आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या.
छप्पर चार इंच खाली उतरवलं, बॉनेट काढून टाकलं,
इंजिन उघडंच, मागची टायरं रुंद,
आवाज असा की रामबागेत आधी कुत्री उठतात, मग माणसं.
लोक विचारतात, काका, हे काय करून राहिले तुम्ही?
बत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या.
याहून जास्त उत्तर माझ्याकडे नाही.

छावनीतून अक्रम उस्ताद आला सायकलवर,
हँडलला ग्रीसगन लटकवून.
लगेच काही उघडलं नाही त्यानं. हवा मोजली. हवा बरोबर.
जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचलली अधांतरी,
तरी स्टीअरिंग तसंच,
ओल्या वाळूत काठी फिरवावी तसं.
म्हणजे वजनाचा दोष नाही.
मग पिटमन आर्मपासून ड्रॅग लिंक सोडवली
आणि काय सांगू,
भिंगरी!
स्टीअरिंगची पेटी निर्दोष.
जिचा स्क्रू मी तीन महिने सैल करत होतो, आवळत होतो,
जिला चारचौघांत नावं ठेवली, ती.
मी तिला थोपटलं. दुसरं काय करणार.

टाय रॉड सोडवल्यावर डावं चाक हललं, कुरकुरत का होईना.
उजवं नाही.
"ये जाम है, भिया."

किंगपिनच्या निपलला ग्रीसगन लावून दाबली
तर सगळं ग्रीस उलटं आलं
उस्तादच्या मनगटावरून कोपरापर्यंत.
त्यानं नखानं खरवडलं.
लाल.
आणखी खरवडलं. लालच. त्याखाली प्रायमर.

तेव्हा मला ती दुपार आठवली.
विष्णू पेंटर गाडीखाली उताणा,
दुकानांच्या पाट्या सोडून आलेला,
जन्मात पहिल्यांदा ज्वाळा काढायला मिळाल्या म्हणून खूश,
आणि मी वर उभा, हातात चहाचा ग्लास, सांगतोय:
एक इंचही सोडू नको रे.
त्यानं नाही सोडला.
वाटाण्याएवढं तोंड, जिथून तिला भरवायचं,
तेही मनापासून रंगवलं. तीन हात.
आता तो देवासला असतो, फ्लेक्स छापायच्या मशिनवर.
फोन करावा असं वाटलं, पण सांगणार काय?
काम तर त्यानं मी म्हणालो तसंच केलं होतं.

रॉकेल, स्टोव्हची पिन, जुना दातांचा ब्रश.
दिवेलागणीपर्यंत पिनेतून बाहेर येत राहिलं
काळं, मेणासारखं काही,
कुण्या साहेबाच्या काळात भरलेलं, कोण जाणे.
मग नवं ग्रीस आत गेलं,
दुसऱ्या टोकाला पिवळसर होऊन डोकावलं,
आणि उस्तादनं पायाच्या अंगठ्यानं चाक ढकललं.
गेलं.
पैसे घेताना तो एवढंच म्हणाला
की आता जरा सांभाळून चालवा,
जोर लावायची सवय लागलीय तुम्हाला.

खरंच लागली होती. पहिल्याच वळणाला
गाडी थेट भुट्टेवाल्याच्या शेगडीकडे निघाली.

शर्ट अजून कुंदाच घालते.
काल बाही चढवता चढवता थांबली,
खांद्याच्या सांध्यावर नख फिरवलं हळूच
आणि म्हणाली,
बघू, इथंही कुणी रंग फासलाय का.